डेप्युटी साहेबांची निवृत्ती आणि चौदा आपटे

सूर्यकांत टिल्लूंचा ट्रॅक्टर सुरू झाला की दिल्लीजवळच्या मानेसरच्या कारखान्यांचे भोंगे लाजून गप्प बसत. खोटं वाटत असेल तर तिथल्या कुठल्याही कावळ्याला विचारावं. टिल्लूंच्या पेरूवर कावळा बसत नसे, कारण ट्रॅक्टर चालू असताना फांदीवर बसलं की चोचीतला घास आपोआप कानात जाई. शेजारच्या कौशल्याच्या घरी ताक घुसळायची रवी नव्हतीच. ट्रॅक्टर कुंपणापाशी आला की ती दह्याचं मडकं भिंतीला टेकवून ठेवी आणि पाच मिनिटांत लोणी काढून घेई.

हा ट्रॅक्टर सूर्यकांतरावांनी एका सरकारी फार्मच्या लिलावात घेतला होता. त्याचं नाव डेप्युटी साहेब. नाव ठेवलं हेमलताबाईंनी. त्यांचं म्हणणं, हा अकराशिवाय जागेवरून हलत नाही, हलला की आधी धूर सोडतो, सगळ्यांना थरथरायला लावतो आणि चार वाजता याचं काम संपतं. तुमच्या ऑफिसातलाच आहे हा, चुकून इकडे पोस्टिंग झालंय. सूर्यकांतराव छत्तीस वर्षं केंद्र सरकारात होते, त्यामुळे त्यांना यात वावगं काही दिसलं नाही.

आता या साहेबांना निवृत्त करायची वेळ आली होती. सुटे भाग मिळेनासे झाले होते. क्लच इतका कडक की तो दाबायला चौऱ्याहत्तराव्या वर्षी सूर्यकांतरावांना दोन्ही पाय लावावे लागत, आणि मग ब्रेकला पाय उरत नसे. दोनदा साहेब कुंपण तोडून कौशल्याच्या अंगणात भेट देऊन आले होते. मुलगी केतकी मानेसरलाच गाड्यांच्या पार्ट्सच्या एका कंपनीत इंजिनिअर होती. तिने मोबाईलवर छोट्या ट्रॅक्टरची चित्रं दाखवली. बागेसाठीच बनवलेला, अंगाने बारीक, बटणावर सुरू होणारा, स्टिअरिंग एका बोटाने फिरणारं. आता जुना ट्रॅक्टर सोडताना घरचा म्हातारा अडून बसतो आणि बाकीचे त्याला समजावतात, अशी साधारण जगाची रीत. टिल्लूंच्या घरी उलटं झालं. सूर्यकांतराव चित्र बघून लगेच राजी झाले. अडून बसल्या त्या हेमलताबाई.

केतकीला हे कळेचना. "आई यार, तू त्याला रोज शिव्या देतेस," ती म्हणाली. "मागच्याच आठवड्यात म्हणालीस ना, याला भंगारात घाला म्हणून?"

"शिव्या आपल्या माणसालाच देतात," हेमलताबाई म्हणाल्या आणि भाकरीचं पीठ गरजेपेक्षा जोरात मळू लागल्या.

कारण वेगळं होतं, आणि ते जगात दोघींनाच माहीत होतं. एक हेमलताबाई, दुसरी कौशल्या. म्हशीला धरलं तर तिघींना.

झालं होतं असं. बावीस वर्षांपूर्वी ही दीड एकर जमीन घेतली तेव्हा सूर्यकांतरावांनी साताऱ्याकडच्या आपल्या गावाहून आपट्याची चौदा रोपं आणली होती. दुधाच्या चरव्यांत माती भरून, रेल्वेच्या डब्यात सीटवर रोपं आणि खाली वर्तमानपत्र घालून स्वतः, असा त्यांनी प्रवास केला. तिकीट तपासनिसाने विचारलं तेव्हा, सोबत चौदा जण आहेत, सगळे बारा वर्षांखालचे, असं त्यांनी अगदी खरं तेच सांगितलं. दिल्लीतली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या दसऱ्याला मिळेल त्या जोडपानावर भागवतात, हे त्यांना फार लागत असे. पेरूच्या दोन ओळींच्या मधोमध त्यांनी आपट्यांची ओळ लावली आणि दुसऱ्याच आठवड्यात ऑफिसच्या तपासणीसाठी दीड महिना ईशान्येकडे गेले. जाताना हेमलताबाईंना सांगून गेले, रोज दोन तांबे, जास्त नाही, कमी नाही.

हेमलताबाईंनी दोन तांबे घातले. अकरा दिवस घातले. बाराव्या दिवशी त्या कौशल्याकडे चहाला गेल्या, कौशल्याची म्हैस त्यांच्याकडे चहाला आली, आणि साताऱ्याची चौदा बाळं तिने एका बैठकीत संपवली. खड्डे तेवढे चाटूनपुसून ठेवले.

हेमलताबाई तिथेच मातीत बसल्या. कौशल्याला आपल्या म्हशीची इतकी शरम वाटली की तिने दुसऱ्या दिवशी त्यांना हाताला धरून सरकारी नर्सरीत नेलं. तिथे एका वाफ्यात तश्शाच दोन पाकळ्यांच्या पानांची रोपं होती. "बिल्कुल वोही है, दीदी," कौशल्या म्हणाली. ती कचनारची होती, म्हणजे आपल्या कांचनची. आपट्याचीच चुलत बहीण म्हणा. पान तसंच दुभंगलेलं, फक्त अंगाने थोराड. चौदा रोपं मोजून आणली, त्याच खड्ड्यांत लावली. ते परत आले की सांगू, असं हेमलताबाईंनी ठरवलं होतं. पण ते स्टेशनवरून आले ते घरात पाऊलही न टाकता सरळ शेतात गेले, प्रत्येक रोपासमोर उभं राहून त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "एकही गेलं नाही. हेमा, तू होतीस म्हणून." तोंडापर्यंत आलेली गोष्ट हेमलताबाईंनी गिळली, आणि ती बावीस वर्षं घशात राहिली.

त्यातही नवरा कोण, तर सूर्यकांत टिल्लू. या माणसाला खोटं बोलायचा अवयवच देवाने बसवला नव्हता. ऑफिसात एकदा अर्धी किरकोळ रजा जास्त लागली, तर तीन पानी अर्ज करून त्यांनी ती परत केली. केतकीला बघायला मंडळी आली तेव्हा, मुलगी घोरते, असं पोहे यायच्या आधीच सांगून टाकलं. लग्न झालं ते त्या मुलाला कमी ऐकू येत होतं म्हणून, असं दिल्लीच्या पहाडगंजातली मराठी मंडळी अजून म्हणतात. अशा माणसाला जो खोटं सांगतो, त्याला झोप लागणं कठीण.

बरं, झाडं वाढली तशी त्यांची कीर्तीही वाढली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सूर्यकांतराव गाडीच्या डिकीत पोती भरून दिल्लीत शिरत. पहाडगंजच्या मराठी शाळेपाशी एक पोतं, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसांतल्या मराठी मंडळींना एक, मग द्वारका, मग नोएडा. एकूण एकशे बारा घरं. सगळ्यांच्या तोंडी ते आपटेवाले टिल्लूकाका. पानं तळहाताएवढी का, असं कुणी विचारलंच तर ते गंभीरपणे इकडच्या कालव्याच्या पाण्याला श्रेय देत. एका वर्षी तर एवढं मोठं पान निघालं की एका बाईंनी त्यावर श्रीखंड वाढलं आणि चौघं जेवली.

आणि हे सगळं झाकून ठेवलं होतं डेप्युटी साहेबांनी. कचनारचं बिंग फुटतं ते फुलात. आपट्याचं फूल बारीक, फिकट पिवळं, शोधावं लागतं. कचनार फाल्गुनात असं फुलतं की पान दिसत नाही, सगळं झाड गुलाबी-जांभळं होतं, अर्ध्या मैलावरून ओरडून नाव सांगतं. पण सूर्यकांतरावांनी ओळींमधलं अंतर एका पुस्तिकेत वाचून ठेवलं होतं, आणि ती पुस्तिका लिहिणाऱ्याने झाडं मोठी होतात हे लक्षात घेतलेलं नव्हतं. पाच-सहा वर्षांत अशी दाटी झाली की डेप्युटी साहेबांचं थोराड अंग आणि डोक्यावरचं उभं धुराडं मधून जाईना. मग दर पौषात फांद्या तोडणं आलं. सूर्यकांतराव सरकारी माणूस, एकावर अन्याय नको म्हणून चौदाही झाडं वरून-खालून सारखी कातरत. कळ्या धरणारी फांदी जायची, झाड पावसाळ्यात नुसत्या पानांनी फुगायचं, दसऱ्याला तयार. चुकून राहिलेल्या दोन-चार कळ्या हेमलताबाई पदराआड खुडून आणत. म्हणून त्या साहेबांना शिव्या देत आणि मनातल्या मनात हळदकुंकू वाहत.

तर आता तो बारीक अंगाचा ट्रॅक्टर येणार, फांद्या तोडाव्या लागणार नाहीत, आणि फाल्गुनात चौदा झाडं मिळून नवऱ्याला सांगणार की तुझी बायको बावीस वर्षं तुझ्याशी खोटं बोलली.

मार्गशीर्षात ट्रॅक्टर आला. नारिंगी रंगाचा, लग्नातल्या करवलीसारखा नीटनेटका. सूर्यकांतरावांनी टेप लावून त्याची रुंदी मोजली, मग दोन ओळींमधली जागा मोजली, मग पुन्हा ट्रॅक्टर मोजला. बटण दाबलं. सुरू झाला की नाही हे बघायला त्यांना बॉनेटला हात लावावा लागला. पेरू आणि आपट्यांच्या मधून तो असा गेला की एका पानालाही धक्का नाही. मागे रोटावेटरने भुसभुशीत झालेली माती तेवढी राहिली. शेवटाला वळून ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा दहा वर्षांनी लहान झाला होता.

"हेमा," ते म्हणाले, "आता यांच्या अंगाला कोयता लावायचा नाही. सोळा वर्षं यांना वाढूच दिलं नाही आपण."

हेमलताबाईंनी अच्छा म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

डेप्युटी साहेबांना तावडूजवळचा एक माणूस घेऊन गेला, वीटभट्टीवर माती ओढायला. जाताना साहेब पहिल्याच हँडलला सुरू झाले. आयुष्यात पहिल्यांदा. हेमलताबाईंनी त्यांना दहीसाखर दाखवली आणि डोळे पुसले. सूर्यकांतरावांना वाटलं, किती हळवी आहे ही.

माघ सरत आला आणि फांद्यांवर कळ्या दिसू लागल्या. बारीक, हिरव्या, बोटाच्या पेराएवढ्या. दोन-चार नाही, हजारांनी. इतक्या वर्षांचं व्याज. हेमलताबाई सत्तर वर्षांच्या, उंची पावणेपाच फूट. त्यांनी एक रात्र विचार केला आणि सकाळी नवऱ्याला सांगितलं की मला ट्रॅक्टर शिकायचाय.

सूर्यकांतरावांचा आनंद काय वर्णावा. डेप्युटी साहेबांच्या क्लचपर्यंत हेमलताबाईंचा पाय पोचत नसे. हा तर त्यांच्याच मापाचा. तीन दिवसांत त्या शिकल्या, चौथ्या दिवशी रिव्हर्स शिकल्या. रोज सकाळी ते फिरायला गेले की हेमलताबाई छोट्या ट्रॉलीत शिडी टाकत, ट्रॅक्टर आपट्यांच्या ओळीत घालत, कौशल्या शिडी धरी आणि त्या वर चढून कळ्या खुडत. जुना ट्रॅक्टर असता तर हे काम अलवरपर्यंत ऐकू गेलं असतं. हा छोटा इतका गुणी की चोरीला याच्यासारखा सोबती नाही.

खुडलेल्या कळ्या टाकायच्या कुठे? कौशल्याने सांगितलं, टाकता कशाला, आमच्याकडे याची भाजी करतात. मग टिल्लूंच्या घरी कळ्यांची भाजी सुरू झाली. उकडून, पिळून, गोडा मसाला घालून. दुसऱ्या दिवशी पीठ पेरून. तिसऱ्या दिवशी दह्यातली. मग थालीपिठात, मग कढीत, मग वड्या. सूर्यकांतरावांनी विचारलं, ही कुठली भाजी. "इकडचीच असते एक," हेमलताबाई म्हणाल्या. हे खरंच होतं, आणि बावीस वर्षांत त्यांनी असंच खरं बोलायची सवय करून घेतली होती. अठरा दिवस तो माणूस पुरावा जेवत राहिला आणि रोज म्हणत राहिला की मस्त झालीय.

अठराव्या दिवशी जेवता जेवता त्यांनी सांगितलं की दिल्लीच्या मराठी मंडळातल्या काही जणांना येत्या रविवारी शेतावर बोलावलंय. छोटा ट्रॅक्टर दाखवायचा आहे, आणि न तोडलेले आपटे कसे दिसतात तेही लोकांनी एकदा बघावं. पंचवीस-तीस जण येतील. चालेल ना?

हेमलताबाईंनी त्यांना आणखी कढी वाढली. म्हणाल्या, चालेल.

बुधवारी आणि गुरुवारी दोघींनी मिळून सात पाट्या कळ्या खुडल्या. पण झाडांनाही काही अभिमान असतो. एका फांदीच्या कळ्या खुडून शिडी हलवावी तर मागची फांदी पुन्हा भरलेली. कौशल्या शपथेवर सांगते की एका झाडाने शिडीलाच कळी धरली. शुक्रवारी ऊन वाढलं. शनिवारी सकाळी हेमलताबाई ट्रॅक्टर घेऊन ओळीच्या तोंडाशी आल्या आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

चौदाच्या चौदा झाडं फुलली होती. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत गुलाबी. खालची मातीसुद्धा गुलाबी. जगातल्या सगळ्या मधमाश्या तिथे कामावर आलेल्या.

शिडी ट्रॉलीतच राहिली. बंद ट्रॅक्टरवर हात मांडीवर ठेवून त्या बसून होत्या. मागून सूर्यकांतराव फिरून आले. ते बाजूला उभे राहिले, काठी टेकून. एक फूल उचलून त्यांनी उलटसुलट करून पाहिलं.

"ही आपट्याची फुलं नाहीत," शेवटी ते म्हणाले.

"नाहीत," हेमलताबाई म्हणाल्या. "ते कधी आपटे नव्हतेच. म्हणजे तुमचे होते, ते म्हशीने खाल्ले. बाराव्या दिवशी. मी कौशल्याकडे चहा पीत होते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नर्सरी, चौदा रोपं, स्टेशनवरून थेट आलेला नवरा, पदराआडच्या कळ्या. भाजीचंही सांगितलं. सांगताना त्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, झाडांकडेच पाहिलं. रडल्या नाहीत, रडण्याचं काम बावीस वर्षांत थोडं थोडं करून संपलं होतं.

सूर्यकांतरावांनी त्यांना हाताने खूण केली, खाली उतर. त्या उतरल्या. ते चढले, बटण दाबलं आणि ट्रॅक्टर ओळीत घातला. मागे शिडी खडखडत होती. हेमलताबाई उभ्या होत्या. ते त्या टोकाला गेले, पेरूच्या दुसऱ्या बाजूने परत आले, थांबले नाहीत, पुन्हा गेले. अशा तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीनंतर त्यांच्या टोपीवर, खांद्यांवर, मांडीवर फुलं पडली होती. ते उतरले आणि घरात गेले.

आतून टाइपरायटरचा आवाज येऊ लागला.  हा आवाज हेमलताबाई ओळखत होत्या. छत्तीस वर्षांच्या नोकरीत चूक सापडली की या माणसाला एकच उपाय माहीत होता: शुद्धिपत्रक काढायचं आणि ज्याला ज्याला चुकीचा कागद गेला असेल त्याला त्याला पाठवायचं. एकशे बारा घरं. एकशे बारा घरांत वाचलं जाणार की हेमलता टिल्लूंनी काय केलं. त्या ओट्यावर बसून राहिल्या. त्यांनी ठरवलं, उद्या पाहुण्यांना चहा आपणच द्यायचा, मान खाली न घालता. खोटं आपण बोललो, तर निस्तरायचंही आपणच.

तासाभराने ते कागद घेऊन बाहेर आले आणि त्यांच्या हातात दिला. म्हणाले, पाठवण्याआधी वाचून बघ, काही राहिलं असेल तर सांग.

हेमलताबाईंनी चष्मा लावला. मजकूर असा होता:

शुद्धिपत्रक. गेली सोळा वर्षे दसऱ्यास आपणांस देण्यात आलेली पाने "आपटा" अशी कळविण्यात आली होती. त्याऐवजी ती "कचनार" अशी वाचावीत. रोपे आणतेवेळी निम्नस्वाक्षरीकर्त्याने नर्सरीत झाड नीट न पाहिल्यामुळे सदर चूक झाली. तिची संपूर्ण जबाबदारी निम्नस्वाक्षरीकर्त्याची आहे. झाडे सध्या फुलली असून पाहावयास यावे. भाजी करण्यात येईल. सूर्यकांत टिल्लू.

त्यांनी ते एकदा वाचलं. मग तिसरं वाक्य पुन्हा वाचलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे खोटं आहे."

"हो," सूर्यकांतराव म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते, पहिल्यांदा चोरी करणाऱ्याचे होतात तसे. "पहिलंच आहे. तू जरा सांभाळून घे. कुणी खोदून विचारलं तर मला पुढचं सुचायचं नाही."

हेमलताबाईंनी कागदाची नीट घडी घातली. मग विचारलं की नर्सरी कुठली म्हणून सांगणार, साताऱ्याची की इकडची, कारण साताऱ्याची म्हटलं तर तिकडे आपट्याऐवजी कचनार कोण देईल, हे कुणीतरी काढणारच. सूर्यकांतराव गोंधळले. त्यांनी याचा विचारच केला नव्हता. हेमलताबाईंनी त्यांना आपल्या शेजारी ओट्यावर बसवलं आणि बावीस वर्षांच्या अनुभवातून शिकवायला घेतलं: जेवढं विचारतील तेवढंच सांगायचं, तारीख कधी द्यायची नाही, आणि बोलताना कान टोपीखाली घ्यायचे.

शुद्धिपत्रक केतकीच्या मोबाईलवरून रात्रीच सगळ्यांना गेलं होतं, आणि रविवारी माणसं आली, तीसच्या जागी साठ. कुणी नर्सरीचं विचारलंच नाही. पहाडगंजच्या एक म्हाताऱ्या बाई, चंद्रप्रभा त्यांचं नाव, एका झाडाखाली उभ्या राहून म्हणाल्या की आमच्या सासूबाई फाळणीच्याही आधी दिल्लीत आल्या, त्या कचनारचंच सोनं वाटायच्या. दिल्लीचं सोनं हेच. मग सगळे ट्रॅक्टर बघायला वळले. सूर्यकांतरावांनी टोपी कानांपर्यंत ओढली होती, आणि छोटा ट्रॅक्टर हेमलताबाई चालवत होत्या, ट्रॉलीत चार-चार पाहुणे घेऊन, फुलांमधून.

म्हशीचं नाव शुद्धिपत्रकात आलं नाही. कौशल्याने ते हेमलताबाईंकडून वाचून घेतलं, दोनदा, आणि संध्याकाळी लोण्याचा गोळा पाठवला. आता तो तिला हाताने घुसळून काढावा लागत होता.